नकाशात आपले विहार कुठे आहे?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



समितीने आम्हांला विषय दिला आहे, 'शहराचे राजकारण आणि आपली संस्कृती'. पत्रिका घरी आली तेव्हा आमच्या मंडळी हसल्या. म्हणाल्या, "विषय केवढा, आणि बोलणार कोण, तर साचेखात्यातला माणूस!" खरे आहे. आम्ही १९८९ साली गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. शाळा नववीपर्यंत. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या अभ्यासवर्गात, लोकलच्या डब्यात आणि ह्याच विहाराच्या वाचनालयात. तेव्हा विद्वत्तेचे भाषण आमच्याकडून होणार नाही. जे पाहिले, जे वाचले, आणि जिथे आम्ही स्वतः चुकलो, ते सांगणार आहोत.

सुरुवात मागच्या महिन्यातल्या एका गोष्टीने करतो. आपल्या वस्तीत मोजणीवाले आले होते, ते सर्वांनी पाहिले. पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत, हेही सर्वांना ठाऊक आहे. ते विहारापाशी आले. टेप लावली, लांबी-रुंदी घेतली आणि कागदावर लिहिले, 'धार्मिक बांधकाम, एक'. आम्ही शेजारीच उभे होतो. म्हटले, "साहेब, आत वाचनालय आहे, मुले अभ्यासाला बसतात. माळ्यावर बायकांचा शिवणवर्ग आहे. बाहेरच्या ओट्यावर दर शनिवारी वस्तीची बैठक होते." तो मुलगा भला होता. म्हणाला, "काका, त्याला माझ्या कागदात रकाना नाही."

बंधू-भगिनींनो, त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. आपल्या आयाबायांनी रुपया-रुपया वर्गणी काढून, डोक्यावर विटा वाहून हे विहार उभे केले. त्यात जे जे चालते त्याला सरकारी कागदात रकानाच नाही! आजचे भाषण त्या रकान्याविषयी आहे.

शहराचे राजकारण म्हटले की आपल्याला निवडणूक आठवते. झेंडे, सभा, रिक्षावरचा कर्णा. पण शहराचे खरे राजकारण नकाशात असते. कोणत्या जमिनीवर काय बांधायचे, किती उंच बांधायचे, दोन इमारतींत किती जागा सोडायची, उघडी जागा कुणाच्या वाट्याला द्यायची, हे नियमात ठरते. ते नियम ठरवते राज्य सरकार. महापालिका आहे, पण झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण राज्याचे, त्याचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. म्हाडा राज्याची, एमएमआरडीए राज्याची. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. गटार तुंबले तरी मंत्रालयाकडे पाहायचे, अशी गत होती.

हे आजचेच नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये इंग्रज सरकारने सुधारणा मंडळ काढले, तेच बीआयटी. त्यांनी दाट वस्त्या पाडल्या, रस्ते काढले आणि चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत, दोन खोल्यांत, परमपूज्य बाबासाहेबांचे आयुष्यातले कितीतरी दिवस गेले. म्हणजे सरकारी नकाशातून निघालेल्या खोलीत राहणे काय असते, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे दादरला त्यांनी 'राजगृह' बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. घर बांधताना वाचण्याची जागा आधी धरली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

आणखी एक जागा सांगतो. परळचे दामोदर हॉल. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी तिथे बैठक घेतली आणि त्यातूनच त्या वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. सभेची कचेरीही तिथेच. आमच्या गिरणगावात तर दामोदर हॉल म्हणजे कामगारांचे नाट्यगृह. कोकणातून आलेल्या मंडळींची नाटके तिथे रात्र-रात्र चालत. २०२३ च्या नोव्हेंबरपासून ते पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा रंगकर्मींनी आवाज उठवला. विचार करा, एक सभागृह नसते तर सभा भरली कुठे असती? चळवळ हवेत उभी राहत नाही. तिला छप्पर लागते, सतरंजी लागते, एक दिवा लागतो.

आता आपल्या उपनगराकडे येऊ. १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली मुंबईची हद्द वाढली, दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. आपली माणसे आली ती त्याच काळात आणि पुढे ७२ च्या दुष्काळात. मराठवाड्यातून, विदर्भातून, साताऱ्या-सोलापुराकडून. जिथे कुणी राहणार नाही, अशा ठिकाणी राहिली. नाल्याकाठी, डोंगरावर, हायवेच्या कडेला. १९७१ मध्ये झोपडपट्टीचा कायदा झाला. १९७६ मध्ये झोपड्यांची गणना झाली, फोटोपास मिळाले. आमच्या वडिलांनी तो फोटोपास पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली ठेवला होता. मग सुरू झाले तारखांचे राजकारण. आधी ७६ च्या आधीचा माणूस पात्र, मग ८०, मग ८५, मग १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. निवडणूक आली की तारीख पुढे सरकायची. माणूस तोच, झोपडी तीच. काल बेकायदा, आज पात्र. म्हणून आपल्या लोकांना सवय लागली, कागद जपायचा आणि पुढाऱ्याकडे बघायचे.

१९८५ साली फुटपाथवरच्या रहिवाशांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. मोठी गोष्ट झाली. पण त्याच निकालात हेही आले की रीतसर नोटीस देऊन हटवता येईल. अर्धी भाकरी हातात आली.

मग १९९५ ची निवडणूक. चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरे, अशी घोषणा झाली. सत्ता बदलली आणि त्या वर्षाच्या अखेरीस झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. ह्या योजनेचे गणित साधे आहे, पण आपल्यापैकी किती जणांनी ते समजून घेतले? बिल्डर झोपडीवासीयांना घरे बांधून देणार, पैसे घेणार नाही. बदल्यात त्याला विकण्यासाठी बांधकाम मिळणार. मूळ नियमात उपनगरात दहा फूट आपल्यासाठी बांधले की दहा फूट त्याला विकायला. आपली खोली तेव्हा २२५ चौरस फुटांची, पुढे २६९, आता ३००. संमती तेव्हा ७० टक्क्यांची लागे, आता ५१ टक्क्यांवर आली आहे. म्हणजे निम्म्याहून एक माणूस जास्त झाला की बाकीच्यांचे ठरलेच.

आता बघा, बिल्डरची कमाई रस्त्याकडच्या इमारतीत. म्हणून रस्त्याकडची, वाऱ्या-उजेडाची जागा विक्रीला जाते आणि आपण मागे, एकमेकांना खेटून. नियमही तशी सूट देतो. मानखुर्द-गोवंडीकडे रेल्वे आणि रस्त्यांसाठी हलवलेल्या लोकांच्या इमारती जाऊन बघा. दिवसा बारा वाजता खालच्या मजल्यावर दिवा लावावा लागतो. तिथे क्षयरोग का पसरतो, ह्याचा अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये बाहेर आला. त्यात बोट ठेवले ते ऊन आणि हवा नसण्यावर. खोली मोफत होती, ऊन मोफत नव्हते.

कुणी म्हणेल, मग काय झोपडीतच राहायचे? मुळीच नाही. आम्ही झोपडीचे गोडवे गाणारे नव्हे. पहाटे चारला पाण्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आमच्या आईला आम्ही पाहिले आहे. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात डोंगराचा कडा घरांवर कोसळला. साठाहून अधिक जीव गेले. आपल्या लोकांना पक्के घर हवे, संडास घरात हवा, लिफ्ट हवी. ते मिळालेच पाहिजे. प्रश्न इतकाच की त्या घराबरोबर काय काय जाते, आणि ते कुणाला न विचारता जाते.

आता संस्कृतीचे बोलतो. आमच्या पिढीने सांस्कृतिक लढे पुष्कळ पाहिले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलै १९७८ चा. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मध्ये साडेपंधरा वर्षे. किती घरे जळाली, किती माणसे गेली. रिडल्सच्या वेळी, १९८८ साली, मुंबईचे रस्ते आपल्या मोर्चाने भरले. आणि ११ जुलै १९९७. तेव्हा आम्ही तिसऱ्या पाळीला होतो. सकाळी स्टेशनवर उतरलो तर माणसे धावत होती. रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक हायवेवर आले, आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा जण गेले. चार दिवसांनी आपले शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आयोग बसला, खटला चालला, २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी ठरवले. बारा वर्षे लागली.

त्या दहा जणांना आमचे विनम्र अभिवादन. काही शहाणे तेव्हा विचारत होते, एका पुतळ्यासाठी एवढे? त्यांना आम्ही सांगत होतो, ज्यांना हजारो वर्षे गावाबाहेर ठेवले, त्यांचा माणूस चौकात उभा आहे, ह्याचा अर्थ तुम्हांला कळणार नाही. आजही तेच सांगू.

पण आज आम्ही आपल्याच माणसांना दुसरा प्रश्न विचारतो. पुतळ्याचा अपमान झाला की सकाळी सगळ्यांना दिसतो, आणि आपण रस्त्यावर येतो. नकाशात आपला अपमान झाला तर? तो कुणाला दिसतो? तो कागद तर आपण उघडूनही पाहत नाही. त्याच रमाबाई नगराचा आता एमएमआरडीए आणि झोपडपट्टी प्राधिकरण मिळून पुनर्विकास करीत आहेत. पूर्व मुक्त मार्ग ठाण्याकडे नेण्याचे कामही त्याला जोडलेले आहे. हजारो कुटुंबांचा प्रश्न. तिथल्या बांधवांना चांगली घरे मिळोत, ही सदिच्छा. आणि तिथली विहारे, वाचनालये, शाहिरांच्या बसण्याच्या जागा नव्या इमारतींत मानाने उभ्या राहोत.

हे आम्ही का सांगतो? कारण आम्ही स्वतः चुकलो आहोत. इथे राहायला येण्याआधी आम्ही दुसऱ्या वस्तीत होतो. तिथे योजना आली. विकासकाचा माणूस पेढे घेऊन आला, विहारात बसूनच बोलला, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला. म्हणाला, "तुमचं मंदिर पहिल्यापेक्षा मोठं करून देतो." त्याला विहार आणि मंदिर ह्यातला फरक ठाऊक नव्हता, तरी आम्ही टाळ्या वाजवल्या. संमतीपत्र इंग्रजीत होते. आम्ही युनियनचे कार्यकर्ते, मालकाच्या करारातला स्वल्पविराम तपासणारे! पण तिथे न वाचता सही केली, आणि आमची सही पाहून आणखी चाळीस घरांनी केली. इमारत झाली. विहार मिळाले ते तळमजल्यावर, पाण्याच्या पंपाच्या खोलीला लागून. खिडकी एक, तीही भिंतीकडे. दुसऱ्या पावसाळ्यात ग्रंथांना ओल आली. बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड आम्ही गच्चीवर उन्हात वाळत घातले, पाने एकमेकांना चिकटलेली. मुलांनी तिथे येणे सोडले. वंदना होते, पण चार माणसांत. आम्ही तक्रार करायला गेलो तर मंजूर नकाशा पुढे ठेवला. त्यावर तसेच लिहिले होते, आणि खाली आमच्या सोसायटीची सही होती. दोष कुणाला द्यायचा? फसवणारा तर होताच. पण न वाचणारे आम्ही होतो.

आता जरा लांबचे सांगतो. हे फक्त मुंबईत घडते असे समजू नका. युनियनच्या अभ्यासवर्गात आम्ही ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहराची गोष्ट ऐकली, ती मनात घर करून राहिली. तिथेही महापालिका आहे, पण जमिनीचे मोठे निर्णय न्यू साउथ वेल्स राज्याचे सरकार घेते, आपल्यासारखेच. १९७१ साली तिथल्या एका उपनगरात शेवटची मोकळी रानजागा विकून घरे बांधायचे ठरले. तेरा बायका पुढे आल्या. नगरपालिकेकडे गेल्या, राज्य सरकारकडे गेल्या, कुणी ऐकले नाही. शेवटी त्या बांधकाम कामगारांच्या युनियनकडे गेल्या. युनियनचे पुढारी जॅक मंडी. युनियन म्हणाली, आधी वस्तीची जाहीर सभा घ्या, लोकांना खरेच हवे आहे का ते दाखवा. सभा झाली, शेकडो लोक आले. मग कामगारांनी ठरवले, ह्या जागेवर आम्ही वीट लावणार नाही. कंपनीने बाहेरचे मजूर आणायची धमकी दिली. तेव्हा त्याच कंपनीच्या दुसऱ्या अर्धवट इमारतीवरच्या कामगारांनी सांगितले, मग ही इमारत कायमची अर्धीच राहील. जागा वाचली. पुढच्या तीन-चार वर्षांत अशा चाळीसहून अधिक ठिकाणी त्यांनी काम रोखले. त्यात गरिबांच्या जुन्या वस्त्या होत्या, आणि तिथल्या मूळनिवासी लोकांच्या घरांसाठीही ते उभे राहिले.

आम्ही गिरणी कामगार. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार पगारासाठी, बोनससाठी लढले. पण गिरणीखालच्या जमिनीचे काय होणार, हा प्रश्न तेव्हा आपल्यापैकी फार थोड्यांच्या तोंडी होता. १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे करायचे ठरले. एक वाटा शहराला, एक घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये तो नियम बदलला आणि फक्त मोकळ्या जमिनीचे वाटे उरले. एक शब्द बदलला आणि शेकडो एकर जमीन हातची गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम केला. आज दीड लाखाहून अधिक अर्जदारांतले किती गिरणी कामगार घर न पाहताच गेले! सिडनीच्या कामगारांनी विचारले, "मी हे कुणासाठी बांधतो?" आम्ही विचारले नाही.

त्या गोष्टीचा शेवटही सांगतो, नाहीतर अर्धे सत्य होईल. त्या लढ्यामुळे सिडनी बंदराच्या काठी जुन्या रहिवाशांसाठी १९८० मध्ये 'सिरियस' नावाची सरकारी इमारत उभी राहिली. २०१६ मध्ये राज्य सरकारने तिला वारसा म्हणून जपायला नकार दिला. लोक एकेक करून हलवले, आणि २०१९ मध्ये ती इमारत विकली. लोकांनी मोर्चे काढले, न्यायालयात गेले, तरी गेली. म्हणजे एकदा मिळवले की झाले, असे नसते. राखावे लागते.

आणि हरकतीने काहीच होत नाही, असेही नाही. आपल्या मुंबईचा विकास आराखडा २०१५ साली जाहीर झाला तेव्हा त्यात चुकाच चुका निघाल्या. हजारो नागरिकांनी हरकती लिहून दिल्या. एप्रिल २०१५ मध्ये सरकारला तो मसुदा मागे घेऊन पुन्हा करावा लागला. कशाने? लोकांनी नकाशा वाचला म्हणून.

तेव्हा मंडळी, आता काय करायचे, ते सांगून थांबतो.

पहिले, परिशिष्ट दोन म्हणजे पात्र-अपात्रांची यादी. ती विहाराच्या फळ्यावर लावा. एकही विधवा बहीण, एकही भाडेकरू त्यातून नकळत सुटता कामा नये.

दुसरे, जो कागद येईल तो मराठीत मागा, आणि सही करण्याआधी ह्याच सभागृहात मोठ्याने वाचा. आपली शिकलेली मुले आहेत, वकील आहेत, इंजिनियर झालेल्या मुली आहेत. त्यांनी नकाशा भिंतीवर लावून मावशीला समजेल असा सांगावा.

तिसरे, विहार, वाचनालय, अभ्यासिका, बालवाडी, महिला मंडळाची खोली, प्रत्येकाची जागा, मजला, खिडकीची दिशा आणि स्वतंत्र दार करारात आणि मंजूर नकाशात लिहून घ्या. कुणी म्हणेल, "आम्ही तुमच्यावर उपकार करतोय." तर सांगा, बालवाडी, कल्याण केंद्र, धार्मिक जागा ह्यांचे बांधकाम पुनर्वसनातच धरले जाते आणि त्याच्या बदल्यातही विक्रीचे बांधकाम मिळते. उपकार कसला? हिशेब आहे.

चौथे, नव्या घरावर नवरा-बायको दोघांचे नाव लागते. मग सभेला एकटा नवरा का? सिडनीत तेरा बायका पुढे आल्या होत्या. इथे तर समोर शंभर बसल्या आहेत.

काही तरुण आम्हांला म्हणतात, "काका, विहाराला कमी जागा द्या, घर दहा फुटांनी वाढवा." बाळांनो, तुमचे म्हणणे चूक नाही. तीनशे फुटांत दोन भावांचा संसार कसा होतो, ते आम्ही जाणतो. पण विहाराची जागा कमी केली म्हणून तुमची खोली वाढत नाही. दोन्हींचे माप नियमात वेगवेगळे आहे.  आणि तीनशे फुटांत जे मावत नाही, ते कुठे जायचे? दहावीच्या मुलाचा अभ्यास, म्हाताऱ्याची दुपार, लेकीचा साखरपुडा, मयताच्या दुसऱ्या दिवशीची माणसे. हे सगळे आज विहारात मावते. म्हणून घर लहान असेल, तर विहार मोठे पाहिजे.

बाबासाहेबांनी घर बांधताना ग्रंथांची जागा आधी धरली, हे मघाशी सांगितले. आपण तेवढे करू. पुढच्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता ओट्यावर बैठक आहे. मोजणीच्या कागदाची प्रत आम्ही अर्ज करून आणली आहे. 'धार्मिक बांधकाम, एक' ह्या ओळीखाली काय काय लिहायचे, ते सर्वांनी मिळून ठरवू, आणि रीतसर हरकत म्हणून दाखल करू. येताना पेन आणा, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातवंडांना घेऊन या.

 भवतु सब्ब मंगलं. जयभीम!